कंपनी पाहायला जाणारे काका

अन्याय झाला तो वैशालीवर. गेल्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, जेवणाची सुट्टी संपल्या संपल्या. शहरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली होती, निम्मं नागपूर ती बघायला रस्त्यावर उतरलं होतं, आणि एमआयडीसीतल्या एका फळप्रक्रिया कंपनीत नरखेड तालुक्यातली ही बीएस्सी झालेली मुलगी एचआरच्या साहेबासमोर उभी राहून स्वतःच्याच मार्कशीट परत मागत होती. तिची सरकारी प्रयोगशाळेत निवड झाली होती. कागदपत्रांची पडताळणी पुढच्या सोमवारी. ओरिजिनल दाखवले नाहीत तर निवड रद्द. साहेब म्हणाला, "इतक्या लवकर कशी सोडतेस? वर्ष पूर्ण कर, मग बघू." दहावी, बारावी, पदवी, दाखले, सगळं त्याच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली त्याच्या खिशात.

कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. घाबरून नव्हे. एकीचं नाव लिहिलं की बाकीच्या सगळ्या कंपन्या हुश्श करून चहा मागवतात, म्हणून.

वैशालीला त्या कंपनीत पाठवलं होतं काकांनी. त्यामुळे तिची गोष्ट सांगायची तर आधी काकांची सांगायला हवी. आणि काकांची गोष्ट सांगताना माझा आवाज चढलेला राहत नाही, ही माझी अडचण आहे. तो माणूसच तसा आहे.

त्यांची आणि माझी ओळख खळीच्या डब्यावरून झाली. आमची संघटना तेव्हा नोकरी लावून देतो म्हणून पोरांना फिरवणाऱ्या दुकानांविरुद्ध पत्रकं लावत फिरायची. हुडकेश्वर रोडवर कूलर दुरुस्तीच्या दुकानाच्या वर काकांचं प्लेसमेंटचं ऑफिस होतं. जिन्यात बारा महिने ओल्या वाळ्याचा वास. मी दारावर पत्रक चिकटवत असतानाच दार आतून उघडलं आणि माझा हात पत्रकासकट आत गेला. समोर खांद्यावर दुपट्टा टाकलेला एक बुटका माणूस.

"डावीकडून वर घे थोडं," ते म्हणाले. "वाकडं लागून राहिलं."

"हे तुमच्याविरुद्ध आहे," मी म्हटलं.

"असू दे ना. म्हणून काय वाकडं लावते?"

मग त्यांनी स्वतः डबा धरला. पत्रक सरळ लागल्यावर चष्मा लावून ते अख्खं वाचलं. एवढं मन लावून आमचं पत्रक आमच्या अध्यक्षांनीही कधी वाचलं नव्हतं. "मजकूर चांगला आहे," काका म्हणाले, "पण लय लांब आहे वं. नोकरी शोधणारा माणूस उभ्या उभ्या वाचते. त्याचे पाय दुखले की तो मालकावर नाही, तुह्यावर चिडते."

पत्रक त्यांनी काढलं नाही. पुढे जो कोणी जिना चढून येई त्याला ते आधी ते वाचायला लावत आणि मग विचारत, "आता सांग, येतो का आत?" बहुतेक जण येत. एकदा एक मुलगा खरंच परत गेला. काका त्याच्या मागे जिना उतरून गेले, त्याला वर घेऊन आले आणि म्हणाले, "तूच पाहिजे होता. एका हिशोबनिसाची जागा आहे. वाचून शहाणा होणारा पोरगा मले कोणी पाठवूनच नव्हतं राहिलं."

काही दिवसांनी मी त्यांच्याकडे बायोडाटे टाइप करायला लागले, पगारावर. संघटनेत माझी भरपूर चेष्टा झाली. काका मला पत्रकबाई म्हणायचे, आणि ते नाव अजून चिकटलेलं आहे.

ऑफिसात एकच गोल फिरणारी खुर्ची होती आणि तिच्यावर काका कधी बसले नाहीत. ती उमेदवारासाठी. स्वतः ते स्टुलावर. "नोकरी लागल्यावर याले कोण बसू देते त्या खुर्चीत? आताच बसून घेऊ दे." खेड्यातून आलेली पोरं आधी टोकावर बसायची, मग हळूच एक गिरकी घ्यायची. गिरकी घेतली की काका मुलाखत सुरू करायचे. त्याआधी नाही.

मुलाखतही कसली. 'स्वतःबद्दल सांगा' हा प्रश्न त्यांना मान्य नव्हता. "स्वतःबद्दल माणूस खोटंच बोलते," ते म्हणत. त्याऐवजी ते विचारायचे, "घरी भांडण लागलं की तू काय करते?" एक मुलगा म्हणाला, "मी पंप चालू करायच्या निमित्तानं वावरात निघून जातो." त्याला काकांनी मोबाइल टॉवरच्या देखभालीवर लावलं, माणसांपासून लांब, आणि तो अजून खूश आहे. एक मुलगी म्हणाली, "मी सगळ्यांसाठी चहा मांडते." ती दवाखान्याच्या स्वागतकक्षात गेली. एक जण म्हणाला, "काका, भांडण मीच लावतो." काका म्हणाले, "तुले मार्केटिंगमध्ये टाकतो."

बायोडाट्यात छंद म्हणून कोणी 'वाचन, संगीत' लिहिलं की ते पेन उलटं करून त्यावर ठोकायचे. "खरं सांग गा."

"काका, खरं म्हणजे मी झोपतो."

"मग लिही ना. रात्रपाळीची जागा आहे. त्यायले दिवसा झोपता येणारा माणूस सापडून नाही राहिला."

पुण्याच्या कंपन्यांचे फोन यायचे. तिकडच्या मॅडम विचारायच्या, कँडिडेटचं कम्युनिकेशन कसं आहे? काका म्हणायचे, "मॅडम, पोराले मराठी येते, हिंदी येते आणि गप्प बसता पण येते. तिसरी भाषा तुमच्याकडं कोणाले येते का?" फोन ठेवला की माझ्याकडे वळून: "आपण दोनच गोष्टी बाहेर पाठवतो, संत्री आणि पोरं. संत्र्याच्या पेटीत निदान गवत तरी टाकतात, खाली ठेचकाळू नये म्हणून."

पण काकांचं खरं वेड वेगळं होतं. ते कंपनी पाहायला जायचे.

त्यांचे वडील सोयरिकी जुळवायचे. लहानपणी त्यांच्याबरोबर गावोगाव फिरून काकांनी ते सगळं पाहिलेलं. मुलगी द्यायच्या आधी तिच्याकडची मंडळी जाऊन घर पाहतात, विहीर पाहतात, गोठा पाहतात, आतून सासूचा आवाज कसा येतो ते ऐकतात. "आणि तेच लोक पोराले कंपनीत टाकतात तेव्हा कंपनीच्या गेटाचा रंगसुद्धा माहीत नसते," काका म्हणायचे. "काहून? पोरगं काय फुकटात मिळालं?" म्हणून ते उमेदवाराला कुठेही पाठवण्याआधी त्याच्या आईबापांना घेऊन ती कंपनी पाहायला जात. कंपनीला आधी फोन करून तसं सांगत. निम्म्या कंपन्यांना ही थट्टा वाटायची. उरलेल्या निम्म्या चहा-फराळाची तयारी ठेवायच्या.

पाहायची त्यांची पद्धत ठरलेली. गेटावरच्या वॉचमनकडे पाणी मागायचं. तो स्वतःच्या बाटलीतलं देतो का कंपनीचं आणतो, ते बघायचं. बायकांची मोरी नि संडास माझ्याकडून पाहून घ्यायचे. साहेब शिपायाला हाक मारतो तेव्हा कान द्यायचा. आणि शेवटी पाळी सुटायच्या वेळेला समोरच्या टपरीवर बसायचं. "हेल्मेट पाहा," ते मला शिकवायचे. "माणूस निवांत उभा राहून हेल्मेट घालून राहिला, बाजूच्याशी बोलून राहिला, तर कंपनी ठीक. गाडी चालू करून मग पट्टा लावून राहिला, तर तिथं आपलं पोरगं द्यायचं नाही."

बुटीबोरीकडच्या एका मॅनेजरने त्यांना हसत विचारलं होतं, "आम्ही तुमच्या मुलांचा इंटरव्ह्यू घ्यायचा की तुम्ही आमचा?"

"आम्हीच घेतो," काका म्हणाले. "पहिला प्रश्न. तुमच्याइथून सोडून गेलेली पोरं पोळ्याले, दिवाळीले तुम्हाले फोन करतात का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचाच फोन आला. "काका, मी आठवून पाहिलं. दोघं करतात." काकांनी त्याला त्या वर्षीची सगळ्यात चांगली मुलगी दिली.

'दिली.' बघा, मीही तेच लिहिते आहे. या भाषेवरून माझं नि काकांचं रोज वाजायचं. ते कंपनीला 'तिकडची मंडळी' म्हणायचे, पहिल्या दिवसाला 'पाठवणी' म्हणायचे, आणि मी टाइप करता करता भडकायचे.

"काका, नोकरी म्हणजे लग्न नाही. आणि मुलगी काय देण्याची वस्तू आहे? लग्नात तरी कुठे आहे?"

"मले सांगून राहिली का?"

"तुम्ही कंपनीला सासर म्हणता. मग कंपनी सासरसारखीच वागते. सासरी कोणी पगाराची पावती मागतं का? कोणी जादा वेळेचं बोलतं का? नोकरी सोडता येते, काका. म्हणूनच ती नोकरी आहे."

"लग्न पण सोडता येते. मी स्वतः जाऊन दोन-तीन पोरी सोडवून आणल्या. तुह्या संघटनेनं किती आणल्या?"

मी की-बोर्ड जोरात बडवायचे. काका खाली ओरडून दोन चहा मागवायचे. वाद मिटायचा नाही, चहा संपायचा.

आता वैशाली. ती उन्हाळ्यात आली, वडिलांबरोबर एसटीने, मांडीवर मोसंबीची पिशवी घेऊन. मोजकं बोलणारी. भांडणाच्या प्रश्नावर म्हणाली, "कोण खोटं बोलून राहिलं ते मी बघते." काका एकदम स्टुलावरून उठले. "ही क्वालिटीची पोरगी आहे." फळांचा रस बाटलीबंद करणाऱ्या कंपनीला प्रयोगशाळेत मुलगी हवीच होती. पाहायचा दिवस ठरला. वैशाली, तिचे आईवडील, काका आणि मी.

असं स्वागत मी दुसऱ्या कुठल्या कंपनीत पाहिलं नाही. वॉचमनने पाणी आणलं तेही पेल्याखाली बशी ठेवून. एचआरचा साहेब स्वतः पुढे. आवाराच्या कडेला एक छोटं फाटक होतं, त्यातून त्याने आम्हाला पलीकडे नेलं. तिथे कँटीन. स्टीलची टेबलं, वर पंखे, वाफाळतं वरण. बायकांच्या बाजूला आरसा, साबण, कडी नीट लागते की नाही ते मी स्वतः लावून पाहिलं. लागत होती. वैशालीची आई मला हळूच म्हणाली, "आमच्या घरी पण इतकं चांगलं नाही वं." काकांनी दोनदा भात घेतला. त्यांचा चेहरा मी ओळखत होते. सोयरीक पक्की.

मग साहेबाने विचारलं, "ओरिजिनल आणलेत ना?"

वैशालीच्या वडिलांनी फाइल दोन्ही हातांनी पुढे केली. "घ्या साहेब. आता तुमचीच पोरगी."

आईने डोळ्याला पदर लावला. मी म्हटलं, "ओरिजिनल कशाला? झेरॉक्स घ्या, ओरिजिनल बघून परत करा."

"फक्त व्हेरिफिकेशनसाठी, मॅडम. आमच्याकडे सुरक्षित राहतात."

मी तोंड उघडणार तेवढ्यात काकांनी माझ्या कोपराला हात लावला. "आज नको वं पत्रकबाई. लोकांच्या घरी आलो आपण."

फाइल कपाटात गेली. आम्ही पाळी सुटायची वाटही पाहिली नाही. पोट भरलं होतं, आणि शेवटची एसटी गाठायची होती.

कामाच्या पहिल्याच दिवशी दुपारी वैशालीचा फोन आला. "काका, ते फाटक बंद आहे."

"कोणतं फाटक?"

"आपण ज्यातून जेवायला गेलो होतो ते. ते कँटीन यांचं नाहीच म्हणतात. बाजूच्या कंपनीचं आहे, मालकाच्या मेहुण्याची. इथल्या बायका जिन्याखाली बसून डबा खातात. मी पण तिथूनच बोलून राहिले."

काकांनी फोन माझ्याकडे दिला आणि खिडकीत जाऊन उभे राहिले. मी वैशालीला म्हटलं, परत ये. ती म्हणाली, "नको ताई. मशीन चांगल्या आहेत, शिकायला मिळते. माझ्या सरकारी परीक्षेचा निकाल पण यायचा आहे. तवर राहते."

"सोयरिकीत हे असते," काका खिडकीतूनच म्हणाले. "दुसऱ्याची विहीर आपली म्हणून दाखवतात. माह्या वडलायले एकदा शेजाऱ्याचा अख्खा गोठा दाखवला होता, बैलांसकट. मले सगळं माहीत होतं. पण पाहुणा म्हणून गेलं की यजमान नेईन तिकडं माणूस जाते. हे अंगण कोणाचं, असं कोण विचारते?"

"मी विचारलं असतं."

"तू विचारलं असतं. मीच तुले थांबवलं." त्या दिवशी त्यांनी खाली चहासाठी हाक मारली नाही.

म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वैशालीचा दुसरा फोन आला, निवड झाल्याचा आणि कागद न मिळाल्याचा, तेव्हा काका चप्पल घालूनच उभे होते. मी तोपर्यंत तक्रारीचा अर्ज टाइप करायला घेतला होता. तो आम्ही पोलीस ठाण्यात दिलाही. पण सोमवारच्या आत तिथून काही हलणार नव्हतं, हे अर्ज घेणाऱ्यानेच सांगितलं. मी म्हटलं, "उद्या गेटावर जाऊ. फलक करते, पोरं बोलावते, घोषणा देऊ."

"तुह्या घोषणा गेटाबाहेर राहतात," काका म्हणाले. "कपाट आत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते संत्रा बर्फीचे दोन मोठे डबे घेऊन आले. वैशालीचे आईवडील गावाहून मोटारसायकलवर आले होते. आम्ही पाच जण सरळ कंपनीच्या रिसेप्शनमध्ये जाऊन सोफ्यावर बसलो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "कोणाला भेटायचंय?"

"भेटायचं नाही बाई. बर्फी वाटायला आलो. तोंड गोड कर." तिने एक वडी घेतली. "आमच्या वैशालीले सरकारी नोकरी लागली."

"अय्या, हो? अभिनंदन गं!"

"साहेबायले पण सांगायचं होतं."

"साहेब मीटिंगमध्ये आहेत."

"असू दे. बसतो आम्ही."

आणि बसले. जो आत येईल, जो बाहेर जाईल, त्याला उठून बर्फी. कुरिअरवाला, ट्रकवाला, गोदामातले दोघे, हिशोब तपासायला आलेली एक मॅडम. प्रत्येकाला तेच, हसऱ्या चेहऱ्याने: पोरीला नोकरी लागली, सोमवारी कागद दाखवायचे आहेत, कागद साहेबांच्या कपाटात आहेत, साहेब मीटिंगमध्ये आहेत. एक शब्द जास्त नाही, एक शब्द वाकडा नाही. लोक वैशालीचं अभिनंदन करायचे आणि मग थोडा वेळ आतल्या दाराकडे बघायचे.

आमच्या शेजारी रायपूरहून आलेला एक खरेदीदार बॅग मांडीवर घेऊन बसला होता. काकांनी डबा त्याच्यापुढे केला.

"किस खुशी में, चाचा?"

"बच्ची को सरकारी नौकरी लगी."

"अरे वाह! बधाई हो बेटा. कब जाना है?"

"सोमवार को. बस, मार्कशीट साहब की अलमारी में है. साहब मीटिंग में हैं."

"कौन से साहब?"

काकांनी दारावरची पाटी दाखवली. तो माणूस खदखदून हसला. "चाचा, उनकी मीटिंग तो मेरे साथ है. मैं कब से यहाँ बैठा हूँ!"

काउंटरवरच्या मुलीने मान खाली घातली, पण तिचे खांदे हलत होते. ती उठून आत गेली. लगेच साहेब बाहेर आला, आधी खरेदीदाराला नमस्कार, मग आम्हाला. चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू.

"काका, तुम्ही इथे असे? मला फोन करायचा ना. अहो, वैशालीला आम्ही कंपनीत घरच्या मुलीसारखं ठेवलं. म्हणून तर हक्कानं सांगितलं, वर्षभर राहा."

मी काकांकडे पाहिलं. ही भाषा त्यांचीच होती. दोन वर्षं मी जिच्याशी भांडत होते ती हीच. काकांनी बर्फीचा डबा वैशालीच्या आईकडे दिला आणि हात पुसले.

"तेच चुकलं साहेब," ते म्हणाले. "आमचं पण, तुमचं पण. ती मुलगी नाही तुमची. कामाले आहे. कामाले ठेवलेल्या माणसासारखं वागवा तिले. तिचा पगार तिच्या हातात, तिचे कागद तिच्या हातात. बाकी लाड राहू द्या."

वैशालीचे वडील इतका वेळ टोपी हातात धरून बसले होते. त्यांनी ती डोक्यावर घातली आणि उभे राहिले. "मी म्हटलं होतं साहेब, तुमचीच पोरगी म्हणून. ते वापस घेतो. फाइल द्या."

खरेदीदार बर्फी चघळत सगळं बघत होता. हिशोबाची मॅडमही. साहेब आत गेला आणि फाइल घेऊन आला. वैशालीने तिथेच सोफ्यावर एकेक कागद काढून, उजेडाकडे धरून पाहिला. क्वालिटीची मुलगी. सगळं होतं.

"झालं ना आता तुमचं काम?" साहेब म्हणाला.

तेवढ्यात आतल्या दारातून, डोक्यावर जाळीची टोपी घातलेली, लाइनवर काम करणारी एक मुलगी बर्फी घ्यायला आली. वडी हातात घेतली, खाल्ली नाही. काकांच्या जवळ वाकून म्हणाली, "काका, माझे पण आतच आहेत. माझ्या भावाने एमआयडीसीतच दुसरीकडे काम पाहून ठेवलंय, पण हे सोडत नाहीत."

आम्ही उठलो होतो. खरं सांगायचं तर मीसुद्धा पर्स खांद्याला लावली होती. वैशाली फाइल छातीशी धरून परत सोफ्यावर बसली आणि बाजूची जागा हाताने झाडून त्या मुलीला म्हणाली, "बैस इथं."

मग साहेबाकडे बघून, तिच्या त्या मोजक्या आवाजात: "माझं झालं. हिचं राहिलं."

काकाही बसले. मग मी. मग टोपी सारखी करत वैशालीचे वडील.

त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी बाहेर येऊन मागितले त्यांचे कागद मिळाले. ज्यांची बाहेर येण्याची हिंमत झाली नाही, त्यांचे अजून त्याच कपाटात आहेत. वैशाली सोमवारी वेळेवर पोचली, आज सरकारी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. आणि काकांनी त्या आठवड्यापासून प्रत्येक कंपनीला एकच अट घातली: ओरिजिनल बघा, पण पाच मिनिटांत परत करा, माझ्यासमोर. 'पाठवणी' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही. अट ऐकून तिकडची मंडळी (हा शब्द मात्र त्यांना सुटला नाही) एकेक करून फोन उचलेनाशी झाली. चहा-फराळ मांडणाऱ्या, वॉचमनच्या हाती बशी देणाऱ्या, सगळ्या. काही महिन्यांत ऑफिसचं भाडं परवडेना. गोल खुर्ची त्यांनी खालच्या कूलरवाल्याला देऊन टाकली आणि कन्हानला लेकीकडे राहायला गेले.

मागे भेटायला गेले तेव्हा नदीकडच्या रस्त्यावर एका नव्या हॉटेलच्या मालकाची काकांकडून उलटतपासणी चालली होती: पोरं ठेवली आहेस, ती जेवतात कुठी? दाखव. हे नाही, ते आतलं दार उघड. मालक हसत होता, पण दार उघडत होता. "मले काय वाटते पत्रकबाई," काका परतताना म्हणाले, "पोरं वाईट नाहीत, मालकही सगळे वाईट नाहीत. आपण सगळे लय शिष्टाचारी आहोत. दुसऱ्याचं कपाट उघड म्हणायला लाजतो."

माझं त्यांच्याशी निम्मं पटतं. मालकांच्या बाबतीत ते फार उदार आहेत. पण लाजेचं त्यांचं खरं आहे, आणि ती लाज फक्त एका बाजूला आहे. कागद अडकवणाऱ्याला ती वाटत नाही.

तेव्हा आता तुमच्याशी बोलते. तुमचं मूल कुठे कामाला असेल तर हे वाचून झाल्यावर त्याला फोन लावा. जेवलास का, हे नंतर विचारा. आधी विचारा, तुझे ओरिजिनल कुठे आहेत? 'कंपनीत' असं उत्तर आलं तर त्याच्याबरोबर जा, बसा, मिळेपर्यंत बसा. आणि तुम्ही स्वतः माणसं कामाला ठेवत असाल, कारखान्यात, शाळेत, दवाखान्यात, दुकानात, तर मला तुमचं स्पष्टीकरण नको आहे. कपाटाकडे चला. किल्ली तुमच्याकडेच आहे. आज, ऑफिस बंद व्हायच्या आत, ज्याचे कागद त्याच्या हातात द्या.